गढूळ द्रवाची साक्ष

पोटाच्या पोकळीला आतून जे पातळ, ओलसर, चकाकणारे अस्तर असते त्याला वैद्यकात पर्युदर म्हणतात, आणि या अस्तराविषयी शस्त्रवैद्यांच्या मनात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जी धास्ती वसत होती तिची आज आपल्याला नीट कल्पनाही येणार नाही. हातपाय कापलेला रोगी कधी कधी वाचे, मूत्राशयातील खडा काढलेला रोगीही वाचे. परंतु पोट उघडले आणि पर्युदराला जंतूंचा उपसर्ग झाला, की पोट ताठ होई, ज्वर चढे, नाडी क्षीण होत जाई आणि थोड्याच दिवसांत सारे संपे. असा ज्याचा लौकिक, त्याच प्रदेशात एक नळी कायमची बसवून दिवसातून चार-पाच वेळा बाहेरचा द्रव आत आणि आतला द्रव बाहेर करण्याची, आणि तेही रोग्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरी करण्याची तजवीज विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाने केली, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. या उपचाराला ग्रंथांतून पर्युदर-अपोहन आणि दवाखान्यांतून पोटाचे डायलिसिस म्हणतात. त्याची हकीकत सांगताना नळ्यांची, द्रावणांची आणि यंत्रांची हकीकत सांगण्याची वहिवाट आहे. परंतु या उपचाराचे भवितव्य ज्या प्रश्नावर अखेर ठरले तो निदानाचा प्रश्न होता. आत जंतू शिरले आहेत हे कळायचे कसे, आणि वेळेवर कळायचे कसे?

पोटात बाहेरून द्रव सोडण्याची पहिली नोंद पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातल्या ट्रूरो गावी ख्रिस्तोफर वॉरिक नावाच्या शस्त्रवैद्याने जलोदर झालेल्या एका स्त्रीच्या पोटातील पाणी काढून त्या जागी ब्रिस्टलचे खनिज पाणी आणि तांबडी द्राक्षमदिरा यांचे मिश्रण भरले, आणि त्याचा वृत्तांत १७४४ साली रॉयल सोसायटीला कळवला. त्याच वर्षी स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञ पाद्र्याने दोन नळ्या घालून एकीतून द्रव आत व दुसरीतून बाहेर असा प्रवाह ठेवावा, अशी सूचना केली. हा उपाय जलोदरावरचा होता. मूत्रपिंडांशी त्याचा काही संबंध नव्हता. तो संबंध जुळण्यास आधी पर्युदराचा गुणधर्म कळावा लागला. १८६१ साली टॉमस ग्रॅहॅम याने पातळ पडद्यातून काही पदार्थ पार होतात व काही अडतात या घटनेचे शास्त्र मांडले, आणि १८७७ साली जर्मनीत वेग्नर याने प्राण्यांच्या पोटात साखरेचे तीव्र द्रावण सोडले असता शरीरातील पाणी त्याकडे ओढले जाऊन द्रावणाचे आकारमान वाढते, हे दाखवले. याचा अर्थ असा, की ज्याला वैद्य केवळ भिऊन दूर ठेवत आले होते ते अस्तर म्हणजे जवळजवळ अंगावरच्या त्वचेइतक्या विस्ताराची, रक्तवाहिन्यांनी भरलेली, पाणी आणि क्षार यांची देवघेव करणारी एक जिवंत चाळणी होती.

या चाळणीकडून मूत्रपिंडाचे काम करून घेण्याचा पहिला मानवी प्रयोग १९२३ साली जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे गेओर्ग गांटर याने केला. मूत्रवाहिन्या बांधलेल्या गिनीपिगांवर आधी हात बसवून मग त्याने गर्भाशयाच्या कर्करोगामुळे मूत्रमार्ग अडलेल्या एका स्त्रीच्या पोटात दीड लिटर लवणद्राव सोडला. तिला तात्पुरता उतार पडला. पुढच्या वीस वर्षांत युरोप-अमेरिकेत असे तुरळक प्रयत्न होत राहिले. दुसरे महायुद्ध संपत असताना बॉस्टनच्या बेथ इझ्रायल रुग्णालयात हॉवर्ड फ्रँक, आर्नल्ड सेलिगमन आणि जेकब फाइन या त्रयीने सल्फा औषधामुळे लघवी बंद पडलेल्या एका रोग्याच्या पोटात एका नळीने द्रव आत आणि दुसरीने बाहेर असा अखंड प्रवाह ठेवून त्याचे प्राण वाचवले. १९४६ साली तो वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर अनेक ठिकाणचे वैद्य या उपायाकडे वळले. परंतु त्या काळी द्रव रुग्णालयातच कालवून मोठमोठ्या काचेच्या बाटल्यांत भरावा लागे, नळ्या उघड्यावर जोडाव्या-सोडवाव्या लागत, आणि जे वाचत नसत त्यांच्यापैकी काहींचा घात मूत्रविषाने नव्हे, तर याच जोडणीतून आत गेलेल्या जंतूंनी होई. ओडेल, फेरिस आणि पॉवर यांनी १९५० साली तोवरच्या १०१ रोग्यांचा जो आढावा छापला त्यात मृत्यूच्या कारणांत पर्युदरशोथाला जागा द्यावीच लागली. त्या दप्तरात निदानाचा स्वतंत्र विचार मात्र आढळत नाही. पोट दुखले, ज्वर आला, द्रव पुवासारखा झाला, की उपसर्ग झाला असे धरत. तोवर बहुधा उशीर झालेला असे.

१९५९ हे वर्ष या हकीकतीत महत्त्वाचे आहे. लॉस एंजल्स येथे मॉर्टन मॅक्सवेल याने कारखान्यात निर्जंतुक करून बंद केलेल्या द्रावणाच्या बाटल्या आणि नायलॉनची बारीक छिद्रांची एकच नळी वापरून द्रव आत सोडणे, काही वेळ ठेवणे आणि त्याच नळीने बाहेर काढणे, अशी सुटसुटीत रीत घालून दिली. आणि त्याच वर्षी आम्सटरडॅम येथे फ्रेड बून याने पर्युदरातून होणाऱ्या या देवघेवीचे गणित आपल्या प्रबंधात मांडले. १९६२ मध्ये बून सिअॅटलला गेला. ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली आहेत अशांना महिनोन्महिने या उपायावर जगवता येईल काय, हा तेथला प्रश्न होता. कायमची नळी ठेवावी तर तिच्या वाटेने जंतू शिरतात, हा अनुभव कडू होता. म्हणून बूनने दर खेपेला पोटाला नवे छिद्र पाडून नवी नळी घालावी आणि काम होताच ती काढून टाकावी, असा मार्ग स्वीकारला, आणि द्रावणासाठी चाळीस लिटरच्या बाटल्यांची बंद जोडणी उभी केली. त्याचा सहकारी हेन्री टेंकहॉफ हीच पद्धत घेऊन रोग्यांच्या घरी जाऊ लागला. आठवड्यातून अनेकवार घरोघरी जाऊन पोटात नळी घालणे कोणत्याही वैद्याला दीर्घकाळ झेपण्यासारखे नव्हते. त्या गरजेतून १९६८ साली त्याने जुन्या ताठ नळ्या बाजूला ठेवून सिलिकॉन रबराची मऊ नळी सिद्ध केली, आणि तिच्यावर डॅक्रॉनच्या नमद्याची दोन वेष्टने बसवली. शरीरातील तंतू त्या वेष्टनांत शिरून घट्ट धरतात आणि त्वचेवरून नळीच्या कडेने आत येऊ पाहणाऱ्या जंतूंची वाट अडते. टेंकहॉफने आपल्या लेखाच्या मथळ्यातच या नळीला जंतूंच्या दृष्टीने सुरक्षित म्हटले होते, आणि पन्नास वर्षे लोटल्यावरही तीच नळी, किरकोळ फेरफारांसह, जगभर वापरात आहे. परंतु तिने कडेची वाट अडवली, आतली वाट उघडीच राहिली. बाटली जोडणारा हात नळीच्या तोंडाला क्षणमात्र लागला तरी जंतूंना तेवढे पुरे होते.

पुढची पायरी टेक्सासमधील ऑस्टिन शहरात घातली गेली. जॅक मॉन्क्रीफ हा वैद्य आणि रॉबर्ट पॉपोविच हा विद्यापीठातील अभियंता यांनी १९७५ च्या सुमारास कागदावर हिशेब केला: दोन लिटर द्रव पोटात चार-पाच तास ठेवला तर तो रक्तातील यूरियाशी समतोल पावतो, मग असे पाच फेर रोज केले तर यंत्रावाचून, रोगी हिंडता-फिरता असताना, रक्त दिवसरात्र शुद्ध होत राहील. त्यांनी १९७६ साली अमेरिकेतील कृत्रिम अवयवांच्या परिषदेला पाठवलेला गोषवारा स्वीकारला गेला नाही. मिसुरीचा कार्ल नोल्फ त्यांना येऊन मिळाला, आणि १९७८ साली नऊ रोग्यांचा, एकूण १३६ रुग्ण-आठवड्यांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला. रक्तशुद्धी अपेक्षेप्रमाणे झाली होती, रोग्यांना बरे वाटत होते. आणि सरासरीने दर दहा आठवड्यांना एक पर्युदरशोथ होत होता. या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. वर्षातून पाच वेळा एकाच मनुष्याच्या पोटात संसर्ग होणे हे कोणत्याही उपचाराला परवडणारे नव्हते, आणि या पद्धतीची तेथेच समाप्ती व्हावी, असे मानणारे जाणते लोक त्या वेळी कमी नव्हते.

तिला तारले ते टोरांटोने. टोरांटो वेस्टर्न रुग्णालयात दिमित्रिओस ओरिओपुलोस हा ग्रीसहून आलेला वैद्य आधीपासून पर्युदर-अपोहनाचा मोठा विभाग चालवत होता. अमेरिकेत द्रावण तेव्हा काचेच्या बाटल्यांतूनच मिळे. कॅनडात ते मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांतून मिळत होते. बाटली असली की द्रव आत गेल्यावर ती काढून ठेवावी लागे आणि द्रव बाहेर काढताना पुन्हा जोडणी करावी लागे, म्हणजे एका फेराला नळी दोनदा उघडी पडे. ओरिओपुलोसने रिकामी पिशवी काढलीच नाही; ती गुंडाळून रोग्याने कपड्यांखाली कमरेला बांधावी, चार तासांनी उलगडून जमिनीवर ठेवावी आणि पोटातील द्रव तिच्यातच उतरवून घ्यावा, मग ती एकदाच काढून नवी लावावी, अशी रीत त्याने घालून दिली. उघडी जोडणी निम्म्यावर आली, संसर्ग झपाट्याने उतरले आणि १९७८ नंतर ही पद्धत जगभर पसरली.

पिशवीचा हा उपकार सर्वजण सांगतात. तिचा दुसरा उपकार मात्र क्वचित सांगितला जातो, आणि माझ्या मते तोही पहिल्याच्या तोडीचा होता. पिशवी पारदर्शक होती, ती रोग्याच्या हातात होती, आणि पोटातून आलेला द्रव दिवसातून चार-पाच वेळा त्याच्या डोळ्यांसमोर उजेडात येत होता. निरोगी पोटातून उतरलेला द्रव फिकट पिवळसर आणि स्वच्छ असतो. पिशवी छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरे सरळ वाचता येतात. संसर्ग झाला की जंतूंशी लढण्यासाठी श्वेतपेशी पर्युदरात धावून येतात, द्रवात त्यांची गर्दी होते आणि घन मिलिमीटरमागे पन्नास-शंभर पेशी झाल्या की डोळ्यांना गढूळपणा जाणवू लागतो. अक्षरे पुसट होतात, मग दिसेनाशी होतात. रोग्याला प्रशिक्षण देणाऱ्या परिचारिका ही छापील कागदाची परीक्षा आजही शिकवतात. पूर्वी जे निदान शस्त्रवैद्य रोग्याचे पोट चाचपून करीत, त्याचा पहिला अधिकार असा रोग्याकडे आला. आणि तो द्यावा लागला याचे कारणही वैद्यकीयच होते. फुटलेल्या आंत्रपुच्छाच्या शोथात दिसणारी दारुण लक्षणे या रोग्यांत बहुधा दिसत नाहीत. पोटात दोन लिटर द्रव सतत असल्याने आणि तो वारंवार बदलला जात असल्याने जंतू विरळ होतात, पुष्कळसे बाहेर वाहून जातात. पोट थोडेसे दुखते, ज्वर तर अनेकांना येतच नाही. जुन्या ग्रंथांतील लक्षणांची वाट पाहत बसणाऱ्या वैद्याच्या हाती येथे काही लागत नव्हते.

प्रयोगशाळेची गत प्रथम याहून बरी नव्हती. पिशवी गढूळ आहे, श्वेतपेशी दिसत आहेत, रोग्याचे पोट दुखते आहे, आणि द्रवाचे दोन थेंब संवर्धनमाध्यमावर पसरले तर काहीच उगवत नाही, असा अनुभव ठिकठिकाणी येत होता. या कोड्याचा उलगडा करण्याचे मोठे श्रेय टोरांटो वेस्टर्नमधीलच सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ स्टीफन वास याचे आहे. हा मनुष्य मूळचा हंगेरीचा. जंतू आत कोणत्या वाटांनी येतात, याची त्याने प्रथम नीट मांडणी केली: नळीच्या पोकळीतून, नळीच्या कडेने त्वचेवरून, आतड्याच्या भिंतीतून, रक्तातून, आणि स्त्रियांत क्वचित गर्भाशयनलिकांतून. वाट ओळखली की जंतूची जात बरीचशी ओळखू येते. हाताच्या स्पर्शाने गेलेला जंतू बहुधा त्वचेवरचा निरुपद्रवी समजला जाणारा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस असतो. आतड्यातून आलेले जंतू निराळ्या कुळीचे, बहुधा ग्रॅम-ऋण, आणि अधिक दुष्ट असतात. संवर्धन कोरे का जाते, याचेही उत्तर याच विचारात होते. दोन लिटर द्रवात जंतूंची संख्या अतिशय अल्प असते, आणि जे असतात त्यांतील पुष्कळसे श्वेतपेशींनी गिळलेले, म्हणजे पेशींच्या पोटात अडकलेले असतात. तेव्हा थेंब घेऊन भागणार नाही, द्रव भरपूर घेतला पाहिजे, तो आटवून जंतू एकत्र केले पाहिजेत, आणि पेशी फोडून आतले जंतू मोकळे केले पाहिजेत.

यातून जी रीत कालांतराने रूढ झाली ती पाहण्यासारखी आहे. पिशवीतला सुमारे पन्नास मिलिलिटर द्रव नळकांड्यांत घेऊन सेंट्रिफ्यूज यंत्रात पंधरा मिनिटे वेगाने फिरवतात. वरचा निवळ भाग ओतून टाकला की तळाशी राखाडी गाळाचा एक लहानसा ठिपका उरतो. तेवढ्यात त्या रोग्याच्या आजाराची सगळी कैफियत असते. तो गाळ थोड्याशा द्रवात पुन्हा कालवून त्यातील काही काचपट्टीवर ग्रॅमच्या रीतीने रंगवतात आणि काही रक्तसंवर्धनाच्या बाटल्यांत सोडतात. काचपट्टीवर जंतू दिसतीलच असे नाही, पुष्कळदा दिसत नाहीत. परंतु बुरशीच्या कळ्या दिसल्या तर त्याच क्षणी पुढचा निवाडा ठरतो, कारण बुरशीचा संसर्ग औषधाने सहसा हटत नाही आणि नळी विनाविलंब काढावी लागते. सेंट्रिफ्यूज नसेल तेथे पाच-दहा मिलिलिटर द्रव रोग्याच्या खाटेजवळच थेट बाटलीत टोचून ती प्रयोगशाळेत धाडली तरी पुष्कळ कार्यभाग होतो. ही गोष्ट मला मोलाची वाटते, कारण मोठ्या शहराबाहेरच्या कोणत्याही साध्या रुग्णालयाला ती करता येण्यासारखी आहे.

निदानाचा नियमही याच काळात ठरला. एकट्या लक्षणावर, एकट्या गढूळपणावर किंवा एकट्या जंतूवर विसंबायचे नाही. न्यायासनापुढे तीन साक्षीदार उभे करून निदान दोघांची जबानी जुळली तरच दावा शाबीत धरावा, तसे येथे केले गेले. पोटदुखी किंवा गढूळ द्रव ही पहिली साक्ष. घन मिलिमीटरमागे शंभरांहून अधिक श्वेतपेशी, आणि त्यांत निम्म्याहून अधिक बहुरूपकेंद्रकी, ही दुसरी. संवर्धनात जंतू उगवणे ही तिसरी. तिघांपैकी दोन जुळल्या की पर्युदरशोथ मानावा आणि औषध सुरू करावे. १९८३ पासून जाणकारांच्या मंडळाने उपचाराच्या ज्या शिफारशी वेळोवेळी काढल्या, त्यांत हा नियम आजतागायत टिकून आहे. त्यात एक खोच आहे. द्रव पोटात किमान दोन तास राहिलेला असला पाहिजे. रात्री यंत्राने भराभर फेर करणाऱ्या रोग्याच्या द्रवात पेशींना जमायला अवधीच मिळत नाही, त्यामुळे संसर्ग असूनही आकडा शंभराखाली राहू शकतो. तेथे संख्येपेक्षा बहुरूपकेंद्रकी पेशींचे प्रमाण पाहावे लागते. आकडा खरा, परंतु तो कोणत्या घटकेचा आहे हे न विचारता वाचला तर फसवतो.

याच सुमारास इटलीतून एक मोठी सुधारणा आली. पेरूज्याच्या उंबेर्तो बुओनक्रिस्तियानी याने इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची जोडणी काढली, जिच्यात जोडताना चुकून शिरलेले जंतू नव्या द्रवाबरोबर पोटात न जाता बाहेर पडणाऱ्या जुन्या द्रवाबरोबर धुऊन निघतात. आधी धुणे, मग भरणे, एवढेच तिचे तत्त्व. ब्रेशाच्या मायोर्का याने १९८३ साली तिची रीतसर तुलना प्रसिद्ध केली तेव्हा संसर्गाचे प्रमाण जुन्या जोडणीच्या सुमारे एक-तृतीयांशावर आलेले दिसले. त्वचेवरच्या जंतूंचे संसर्ग घटले, आणि त्यामुळे उरलेल्या संसर्गांत आतड्यातील जंतू व स्टॅफिलोकॉकस ऑरियस यांचा वाटा वाढला. एकूण संसर्ग कमी झाले, तरी जे होत ते सरासरीने अधिक गंभीर असत. म्हणून जंतूची जात ओळखण्याचे महत्त्व वाढतच गेले.

गढूळ पिशवी म्हणजे जंतू, हे समीकरण मात्र प्रत्येक वेळी खरे ठरत नाही, आणि या अपवादांची हकीकत निदानशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. १९७७ सालीच टोरांटोच्या वैद्यांनी अशा एका साथीचे वर्णन केले होते, की जिच्यात रोग्यांना पर्युदरशोथ झाला, संवर्धने कोरी गेली आणि शोधाअंती दोष द्रावणातील अंतर्विषाचा, म्हणजे मेलेल्या ग्रॅम-ऋण जंतूंच्या अवशेषांचा निघाला. नळी नुकतीच बसवलेल्या काहींचा द्रव इओसिनरागी पेशींनी गढूळ होतो, त्यातही जंतू नसतात. कधी रक्ताने, कधी तंतूंनी तो गढूळ दिसतो, तर कधी रक्तदाबावरच्या काही औषधांमुळे लसिकेतील चरबी उतरून द्रव दुधाळ होतो.

परंतु या सर्वांत मोठी परीक्षा २००२ मध्ये झाली. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेले आयकोडेक्स्ट्रिन नावाचे द्रावण साखरेच्या द्रावणाऐवजी दीर्घ मुदतीच्या फेरासाठी वापरात येऊन काही वर्षे झाली होती. युरोपातील निरनिराळ्या केंद्रांतून एकाएकी तक्रारी येऊ लागल्या: पिशव्या गढूळ, रोग्यांना फारसा ज्वर नाही, संवर्धनात काही नाही, आणि द्रावण बदलले की सारे निवळते. द्रावणाचे साठे तपासले तर ते औषधकोशातील प्रत्येक कसोटीला उतरलेले होते. अंतर्विषाची चाचणीही निर्दोष होती. कागदोपत्री दोष कोठेच नव्हता. तरीही खाटेजवळच्या वैद्यांनी आणि घरी पिशवी पाहणाऱ्या रोग्यांनी आपली तक्रार मागे घेतली नाही, आणि संशयित साठे बाजारातून परत बोलावण्यात आले. पुढे कळले ते असे, की स्टार्चवर प्रक्रिया होत असताना उष्णता आणि आम्ल यांत सुखाने वाढणारा अॅलिसायक्लोबॅसिलस नावाचा एक जंतू शिरला होता. निर्जंतुकीकरणात तो मेला, परंतु त्याच्या भिंतीतील पेप्टिडोग्लायकन हा पदार्थ द्रावणात शिल्लक राहिला, आणि अंतर्विषाच्या चाचणीला तो पदार्थ दिसतच नव्हता. २००५ साली लॅन्सेट नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात १८६ रोग्यांची नोंद होती. सरकारमान्य कसोट्या एका बाजूला आणि गढूळ पिशवी दुसऱ्या बाजूला असा तंटा उभा राहिला असता पिशवीचे म्हणणे खरे ठरले. मी ही घटना या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची मानतो.

आपल्याकडे या उपचाराचा प्रवेश आधी निराळ्या रूपाने झाला. घोणस चावून, अतिसाराने शरीर सुकून किंवा बाळंतपणातील जंतुदोषाने ज्यांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडत, अशा रोग्यांच्या पोटात ताठ नळी घालून दोन-तीन दिवस द्रवाचे फेर करण्याची पद्धत आपल्या सरकारी व महापालिकांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चालत होती. तीन दिवसांपलीकडे ती नळी ठेवू नये असा दंडक होता, आणि त्यामागे जंतूंचेच भय होते. घरी राहून नित्य करावयाची पद्धत भारतात १९९१ च्या सुमारास चेन्नईत सुरू झाली आणि मग मुंबई-पुण्याकडे आली. येथे निदानाला एक जास्तीची अडचण आहे, ती क्षयाची. क्षयाच्या जंतूंनी पर्युदरशोथ झाला तर सुरुवातीस द्रवात बहुरूपकेंद्रकी पेशीच अधिक दिसू शकतात, साधे संवर्धन कोरे जाते, क्षयजंतूंच्या संवर्धनाला आठवडे लागतात. आणि नेहमीची प्रतिजैविके देऊनही पाच दिवसांत पिशवी निवळली नाही की मग कोठे वैद्याच्या मनात शंका येते. ज्या देशात क्षय घरोघर ठाऊक आहे तेथे ही शंका पहिल्याच दिवशी मनात असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतराचीही अडचण आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या पाड्यावरून गढूळ पिशवी घेऊन निघालेला रोगी प्रयोगशाळेपर्यंत पोचेतो वाटेत कोणीतरी प्रतिजैविकाची सुई दिलेली असते, आणि मग संवर्धनात उगवायचे ते उगवत नाही.

नवी साधने येत आहेत. वेल्सच्या कार्डिफ विद्यापीठात मॅथियस एबर्ल, निकोलस टॉपली आणि त्यांचे सहकारी यांनी द्रवातील प्रतिकारद्रव्यांच्या ठेवणीवरून जंतूंची कुळी ओळखता येते काय, याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि घरच्या घरी द्रवात बुडवून काही मिनिटांत संसर्गाची सूचना देणाऱ्या पट्टीची कल्पना त्याच वर्तुळातून पुढे आली. जंतूंच्या जनुकांवरून ओळख पटवण्याच्या रीतीही आहेत. परंतु २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी केंद्रांपुढे जी दोन उद्दिष्टे ठेवली, म्हणजे रोग्यामागे वर्षाला संसर्गाचे प्रमाण ०.४० हून अधिक नसावे आणि कोऱ्या संवर्धनांचे प्रमाण १५ टक्क्यांखाली असावे, ती गाठण्यास स्वच्छ हात, भरपूर नमुना आणि संवर्धनाची बाटली एवढे जुने साहित्यच मुख्यतः लागते. ऑस्टिनच्या दहा आठवड्यांपासून अडीच वर्षांत एक संसर्ग, एवढा पल्ला याच साहित्याने गाठता आला आहे.

म्हणून ज्यांच्या घरी हा उपचार चालू आहे त्यांना माझी विनंती आहे, की पिशवी गढूळ दिसली तर ती ओतून देऊ नये, दुखते की नाही याची वाट पाहू नये. ती तशीच बंद करून त्याच दिवशी आपल्या केंद्रात न्यावी, आणि वाटेत कोणी औषध देऊ केले तर नमुना आधी घेण्यास सांगावे. २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ पासून पोटाच्या डायलिसिसचाही समावेश करण्याचे धोरण ठरले आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत द्रावणाच्या पिशव्या पोचवण्याचा बंदोबस्त करणाऱ्यांनी त्यांच्याबरोबर प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयात रक्तसंवर्धनाच्या बाटल्याही पोचवाव्यात, आणि त्या वापरायच्या कशा हे तेथल्या परिचारिकांना शिकवावे.